माऊस सोडून पेन टॅबलेटवर फोटो एडिटिंग: हात बसत नाहीये, मदत हवीय

पानगळ:
नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं मी घरातले आणि ओळखीच्यांचे जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करतेय, सगळं माऊसनेच. डाग, बुरशी, घड्या, फाटलेले कोपरे, सगळं. पण आता मनगट दुखायला लागलंय आणि जो तो म्हणतो टॅबलेट घे, म्हणून चार दिवसांपूर्वी एक छोटा पेन टॅबलेट घेतला, स्क्रीन नसलेला, साधी काळी पाटी असते तो.

आणि आता रडकुंडीला आलेय हो. पेन एकीकडे जातं, कर्सर भलतीकडे. गोल काढायला गेले की आडवं अंडं होतं, अगदी खोटं नाही सांगत. क्लोन करताना, म्हणजे चांगल्या जागेचा नमुना घेऊन डागावर उमटवताना, ब्रश मधेच बारीक होतो मधेच जाड. आणि क्लिक करायला टेकवलं की एक निळसर कडं फिरतं आणि राइट क्लिकचा मेनू उघडतो. आत्ता हातात जो फोटो आहे तो माझ्या आजोबांचा, वय असेल पंचवीसेक, आणि फोटोची घडी बरोब्बर डाव्या गालावरून डोळ्याच्या खालच्या पापणीपर्यंत गेलीय. तो मला नीट करायचाय, आणि या अवस्थेत त्याला हात लावायची हिंमत होत नाहीये. परत करून टाकू का टॅबलेट? की माझंच काही चुकतंय?

साधा_माऊस:
परत करा असं नाही म्हणणार, पण दुसरी बाजू पण ऐका. मी पंधरा वर्षं वस्तूंचे फोटो कट करतो, बॅकग्राउंड काढायचं, पाथ मारायचे म्हणजे वस्तूच्या कडेने नेमकी रेघ आखायची, रोजचे शंभर-शंभर. त्या कामाला माऊसच. प्रोग्रॅममधल्या पेन टूलने अँकर, म्हणजे पाथचे बिंदू, ठेवताना माऊस सोडला की तो जागेवर राहतो, पेन उचलताना टोक हलतं आणि अँकर एक-दोन पिक्सेल सरकतो. सरळ ओरखडा असेल तर एका टोकाला क्लिक, शिफ्ट दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक, झालं काम. फ्लो, म्हणजे ब्रशमधून रंग किती सुटतो ते, तीन-चार टक्क्यांवर ठेवून पुन्हापुन्हा फिरवलं तर माऊसनेही मऊ शेडिंग येतं, वेळ जास्त जातो एवढंच. तेव्हा टॅबलेटशिवाय अडतं असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

रेघोट्या:
पानगळ, अजिबात परत करू नका!! चार दिवस म्हणजे काहीच नाही. आपण माऊस शिकलो तेव्हा किती दिवस लागले ते आठवत नाही म्हणून वाटतं की तो उपजतच येतो. मी चित्रं काढणारी, कागदावर हात बसलेला, तरी मला पहिला आठवडा नजर पाटीवरच जायची. हात खाली आणि डोळे समोर ही सवय वेगळीच असते, ती मुरायला लागते. मी दहा दिवस माऊस ड्रॉवरमधे ठेवून दिला होता, फाइली उघडणं, स्क्रोल करणं, सगळं पेनने. अकराव्या दिवशी लक्षात आलं की आपण पाटीकडे बघतच नाही आहोत.

पण ते अंडं होतंय ते सवयीचं नाही, सेटिंगचं आहे. तुम्हाला दोन स्क्रीन आहेत का?

पानगळ:
हो, दोन आहेत शेजारी शेजारी. दोन्ही साध्या १९२० बाय १०८० च्या. हे कसं ओळखलंत?

कर्सर:
अंड्यावरून. नीट सांगतो कारण हे एकदा कळलं की अर्धा त्रास जातो.

माऊस फक्त "इतकं सरकलो" एवढंच सांगतो, उचलून दुसरीकडे ठेवला तरी चालतो. पेनचं तसं नाही, पाटीवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे स्क्रीनवरचा एक ठरलेला बिंदू. डावा वरचा कोपरा म्हणजे डावा वरचा कोपरा. आता तुमचा टॅबलेट छोटा, म्हणजे कामाचा भाग साधारण १६० बाय १०० मिमी धरू. दोन स्क्रीन मिळून रुंदी झाली ३८४० पिक्सेल, ती १६० मिमीत बसवलीय, म्हणजे आडव्या दिशेला एका मिलिमीटरला २४ पिक्सेल. उंची १०८०, ती १०० मिमीत, म्हणजे उभ्या दिशेला मिलिमीटरला जेमतेम ११. हाताने अगदी गोल फिरवलंत तरी स्क्रीनवर ते सव्वादोन पट आडवं ताणलं जाणार. हात बिचारा बरोबर करतोय, नकाशा चुकीचा आहे.

उपाय: टॅबलेटच्या ड्रायव्हरमधे, म्हणजे तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, मॅपिंग म्हणून जागा असते तिथे सगळ्या स्क्रीनच्या ऐवजी फक्त एकच स्क्रीन निवडा, ज्यावर फोटो उघडता ती. आणि शेजारीच प्रमाण कायम ठेवण्याचा एक टिक असतो तो लावा. मग पाटीचा १६० बाय ९० एवढाच भाग वापरला जाईल, खालचा एक सेंटिमीटर वाया जातो, जाऊ दे. आता दोन्ही दिशांना मिलिमीटरला १२ पिक्सेल. हात अर्धा मिलिमीटर थरथरला तर आधी बारा पिक्सेल उडत होते, आता सहा. दुसऱ्या स्क्रीनवर जायला ड्रायव्हरमधे स्क्रीन बदलण्याचं फंक्शन असतं, ते पाटीच्या एखाद्या बटणाला लावून टाका.

आणि ते फिरणारं कडं म्हणजे विंडोजचं "दाबून धरलं की राइट क्लिक". विंडोजच्या पेन सेटिंगमधून बंद होतं, किंवा टॅबलेटच्या ड्रायव्हरमधला विंडोज इंकचा टिक काढला तरी जातं. पण इथे एक गोष्ट सांभाळा. पेन किती दाबलंय ही माहिती प्रोग्रॅमपर्यंत जायला विंडोजवर दोन वाटा आहेत, एक विंडोज इंक आणि दुसरी जुनी विनटॅब. ड्रायव्हर एका वाटेने पाठवतोय आणि प्रोग्रॅम दुसऱ्या वाटेकडे डोळे लावून बसलाय असं झालं की पेन चालतं पण दाब गायब. क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधे हे सेटिंगमधून सरळ निवडता येतं. म्हणजे टिक काढल्यावर दाब गेला तर घाबरू नका, टिक परत लावा आणि ते कडं विंडोजच्या बाजूने बंद करा.

आधी दुसऱ्या कंपनीचा टॅबलेट होता का या मशीनवर? असेल तर त्याचा ड्रायव्हर पूर्ण काढून रीस्टार्ट करा. दोन ड्रायव्हर एकत्र असले की पेन उड्या मारतं, मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

पानगळ:
बापरे, केवढं समजावून सांगितलंत, खूप खूप आभार. आधी टॅबलेट नव्हता त्यामुळे तो प्रश्न नाही. मॅपिंग बदललं. गोल गोल आला!! खरंच आला. मी पाच मिनिटं नुसते गोलच काढत बसले होते.

कडं पण गेलं, दाब शाबूत आहे. आता ब्रश जाड-बारीक होतो त्याचं काय?

रेघोट्या:
बघा, म्हटलं होतं ना. ब्रशचं सांगते. दाबाने दोन वेगवेगळ्या गोष्टी बदलता येतात, एक ब्रशचा आकार आणि दुसरी अपारदर्शकता किंवा फ्लो. चित्र काढताना मला आकार बदललेला हवा असतो, रेघ जिवंत वाटते त्याने. फोटोच्या कामात बहुतेक वेळा तो नकोच. फोटोशॉपमधे वरच्या पट्टीत ब्रशशेजारी दोन छोटी बटणं दिसतील, एक आकाराच्या दाबाचं, एक ओपॅसिटीच्या दाबाचं. आकाराचं बंद करा. डाग बुजवायच्या हीलिंग ब्रशचं मात्र वेगळं आहे, त्याच्या ब्रशच्या खिडकीत तळाशी साइज म्हणून यादी असते, तिथे पेन प्रेशर असेल तर ऑफ करा. आकार हवा तेव्हा स्वतः बदला, विंडोजवर ऑल्ट दाबून राइट क्लिक धरून डावी-उजवीकडे ओढलं की लहानमोठा होतो, वर-खाली ओढलं की कड मऊ-कडक होते. पेनच्या बाजूच्या बटणाला राइट क्लिक लावलेलं असेल तर हे सगळं पेन हवेत धरूनच होतं.

आणि हो, पेन आवळून धरू नका. नवीन असताना सगळे दाबतात. ड्रायव्हरमधे टोकाची संवेदना मऊ करून ठेवा, म्हणजे हलक्या हाताने पूर्ण दाब मिळेल. नाहीतर मनगटाचं दुखणं जाऊन बोटांचं सुरू होईल.

डावखुरी:
वाचतेय, छान धागा. डावखुऱ्या लोकांसाठी माझी भर: पाटी १८० अंश फिरवून ठेवायची आणि ड्रायव्हरमधे पण तसं सांगायचं, म्हणजे बटणं हाताखाली येत नाहीत. मला फायदाच झाला, डाव्या हातात पेन आणि उजवा हात कीबोर्डवर, ब्रश लहानमोठा करायच्या चौकटी कंसाच्या कीज उजव्या बाजूलाच असतात.

अजून एक, सगळ्यांसाठीच. पाटी स्क्रीनच्या समोर सरळ ठेवा. वहीसारखी तिरकी ठेवायचा मोह होतो, पण मग सरळ ओढलेली रेघ स्क्रीनवर तिरकी जाते आणि हात कायम गोंधळलेला राहतो. कीबोर्ड सरकवा बाजूला, पाटी मधे. आणि कोपर टेबलावर टेकलं पाहिजे, हवेत लटकलेला हात तासाभरात खांद्याला लागतो.

नवशिका_७:
मधेच विचारतो, माफ करा. ८१९२ दाबाच्या पातळ्या आणि २०४८ वाल्यात खरंच फरक पडतो का? आणि स्क्रीनवालाच घ्यावा का सरळ?

कर्सर:
पातळ्यांच्या आकड्यामागे लागू नका. २०४८ आणि ८१९२ यातला फरक मला तरी हातात कधी जाणवला नाही. जाणवतं ते हे की सगळ्यात कमी किती दाबावर पेन काम सुरू करतं. चांगलं पेन नुसतं टेकलं तरी रेघ सुरू होते, वाईट पेनला आधी थोडं रेटावं लागतं आणि मग ते एकदम उडी मारून उमटतं. फोटोत हलकी सावली टाकताना सगळं काम त्या खालच्या टोकालाच असतं. म्हणून आकडा सोडा आणि पेन हातात धरून बघा.

पेनला बॅटरी नसते त्याचं नवल वाटतं बऱ्याच जणांना, ते पण सांगून टाकतो. पाटीखाली तारांची जाळी असते, ती विद्युतचुंबकीय लहर सोडते, पेनमधली छोटी कॉइल त्याच लहरीवर जागी होते आणि उलट उत्तर देते. त्या उत्तरावरून पाटीला कळतं पेन कुठे आहे आणि टोक किती दाबलंय. वॅकॉम या टॅबलेटच्या कंपनीने हे रुळवलं, आता इतरही बरेच जण करतात. म्हणून तर पेन एखादा सेंटिमीटर वर धरलं तरी कर्सर हलतो.

आणि गंमत बघा, माऊसचा पहिला नमुना आणि रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा टॅबलेट दोन्ही १९६४ चे, एकाच वयाचे. रँडच्या पाटीला इंचात १०० रेषा ओळखता यायच्या, आजच्या साध्या टॅबलेटला २५४० किंवा त्याहून जास्त.

डावखुरी:
स्क्रीनवाल्याबद्दल मी सांगते, दोन वर्षं वापरून परत साध्या पाटीवर आले. चित्रासाठी सुंदर आहे. पण फोटोत एक तर आपलाच हात फोटोवर येतो, गालावर काम करताना हनुवटी दिसत नाही. दुसरं, मान खाली राहते. तिसरं म्हणजे रंग, ती स्क्रीन आणि मुख्य स्क्रीन दोन्ही कॅलिब्रेट केल्या तरी माझ्याकडे कधी जुळल्याच नाहीत, आणि मग कुठल्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा हेच कळेना. साध्या पाटीवर मान सरळ आणि नजर मोकळी.

नवशिका_७:
धन्यवाद ताई, धन्यवाद कर्सर. मग साधाच घेतो.

अंधारखोली:
उशिरा येतोय. मी फिल्मच्या काळातला, डार्करूममधे बरीच वर्षं प्रिंट केलेत, म्हणून जरा वेगळ्या बाजूने लिहितो.

तेव्हा प्रिंटवर धुळीचे पांढरे ठिपके यायचे ते आम्ही हाताने भरायचो. तीन शून्याचा बारीक ब्रश, त्यात स्पॉटिंगचा रंग पातळ करून घ्यायचा, ब्रश टिपकागदावर जवळजवळ कोरडा करायचा आणि मग रेघ न ओढता नुसते टोक टेकवत जायचं, टिप, टिप, टिप. रेघ ओढली की ती दिसायची. ठिपक्यांनी भरलं तर ते दाण्यात, म्हणजे फोटोच्या बारीक कणांच्या पोतात, मिसळून जायचं. मग कॉम्प्युटर आला, माऊस आला, आणि हातातलं ते टोकच गेलं. टॅबलेट घेतला तेव्हा मला तो ब्रश परत मिळाला, माझ्यासाठी त्याची खरी किंमत एवढी आहे. वेगापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

आता पानगळ, तुमच्या आजोबांच्या फोटोबद्दल. दाबाने अपारदर्शकता बदलते याचा एक धोका आहे, तो कुणी सांगत नाही. घडीवर क्लोन करताना हलक्या दाबाने, मऊ ब्रशने चार वेळा फिरवलंत तर काय होतं? खालचा दाणा अर्धा आणि वरून आलेला दाणा अर्धा अशी सरासरी होते, आणि दोन दाण्यांची सरासरी म्हणजे चिखल. गाल मेणाचा दिसायला लागतो. टॅबलेटवर नवीन आलेल्यांच्या कामात मला हा मेणाचा पट्टा हमखास दिसतो, माऊसवाल्यांच्या कामात कमी, कारण माऊसला दाबच नसतो.

म्हणून काम दोन भागात तोडा. घडी बुजवायची तेव्हा दाब पूर्ण बंद, ओपॅसिटी शंभर टक्के, ब्रशची कड थोडी कडक, घडीपेक्षा किंचितच मोठा, आणि टिप टिप करत जायचं, दर चार-पाच टिपांनंतर नमुना घ्यायची जागा बदलायची. फोटोवर वेगळा रिकामा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन त्यावर करा. बुजवल्यावर गाल ठिकठिकाणी थोडा फिकट-गडद दिसेल, दिसू द्या. तो दाण्याचा भाग झाला.

मग उजेडाचा भाग. वर पन्नास टक्के करड्या रंगाचा लेयर घ्या, मोड सॉफ्ट लाइट, आता दाब चालू, मोठा मऊ ब्रश, फ्लो पाच-सहा टक्के, पांढऱ्याने उजळा, काळ्याने गडद करा. इथे दाब सोन्यासारखा आहे. डार्करूममधे आम्ही एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात हाताची ओंजळ करून, पुठ्ठ्याचा तुकडा तारेला लावून हेच करायचो, हात सतत हलता ठेवायचा म्हणजे कड उमटत नाही. पेन पण तसंच हलतं ठेवा. खालचा दाणा जागचा हलत नाही, फक्त उजेड बदलतो.

थोडक्यात दाब उजेडाला द्या, दाण्याला देऊ नका.

साधा_माऊस:
+१ अंधारखोली. सॉफ्ट लाइटवाला भाग माऊसने मी कधीच इतका सहज करू शकलो नाही, हे मोकळ्या मनाने मान्य. पाथ मात्र मी माऊसनेच मारणार.

रेघोट्या:
अंधारखोली काका, हा प्रतिसाद मी जपून ठेवतेय. चित्रात दाणा नसतोच त्यामुळे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. आणि साधा_माऊस, दोन्ही टेबलावर ठेवायला कोण नको म्हणतंय, मी पण स्लायडर आणि फाइली आता परत माऊसनेच करते, ते दहा दिवस फक्त हात बसण्यापुरते.

कर्सर:
डार्कटेबल हा फोटो एडिटिंगचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी, तिथे ब्रशच्या मास्कला (फोटोचा कुठला भाग बदलायचा ते आखणाऱ्या थराला) दाब कशासाठी वापरायचा ते सेटिंगमधे ठरवता येतं, आकार, कडकपणा की अपारदर्शकता. काकांचा नियम तिथेही लावता येईल.

पानगळ:
मंडळी, नऊ दिवसांनी लिहितेय. मुद्दाम थांबले होते.

पहिले पाच दिवस आजोबांच्या फोटोला हातच लावला नाही. एक जुना, कुणाचा ते माहीत नसलेला स्कॅन होता, त्याच्यावर रोज अर्धा तास फक्त ठिपके बुजवले. माऊस ड्रॉवरमधे. तिसऱ्या दिवशी खूप चिडचिड झाली, पेनचं बाजूचं बटण सारखं अंगठ्याखाली यायचं आणि काहीतरी भलतंच उघडायचं, शेवटी खालचं बटण ड्रायव्हरमधून बंदच केलं आणि वरच्याला ऑल्ट लावलं. आता क्लोनचा नमुना घ्यायला कीबोर्डकडे जावं लागत नाही, अंगठा दाबला, टेकवलं, सोडलं, आणि टिप टिप.

सहाव्या दिवशी गाल घेतला. स्कॅन १२०० डीपीआयचा होता म्हणून दोनशे टक्क्यांवर गेले तर दाणा वाळूसारखा दिसत होता. आधी सवयीने हलक्या दाबाने मऊ ब्रश फिरवला, आणि काका म्हणाले तस्सा मेणाचा पट्टा! डोळ्यांनी बघितला. पुसून टाकला. मग दाब बंद, कड कडक, ब्रश अकरा पिक्सेल. पापणीजवळ सगळ्यात अवघड होतं कारण तिथे घडीने पापणीचे दोन केस खाल्लेत. तिथे नमुना घ्यायला जागाच नव्हती, मग उजव्या डोळ्याचा तेवढा तुकडा घेऊन उलटा करून ठेवला आणि मास्कवर पेनने बारीक बारीक उघडत गेले. तिथे मात्र आकाराचा दाब चालू केला, केस मुळाशी जाड आणि टोकाला बारीक हवा म्हणून. रेघोट्या, तुमची जिवंत रेघ तिथे उपयोगी पडली.

करड्या लेयरचं काम काल रात्री केलं. गालाचं हाड उजळताना हात आपोआप हलका झाला, मी ठरवून केला नव्हता. आईला दाखवला तर ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, हसताना त्यांचा हाच गाल वर जायचा.

मनगट बरंच बरं आहे. एकच राहिलंय. घडी गळ्यापर्यंत खाली जाते आणि शर्टाच्या कॉलरवर उभ्या बारीक रेघांचं कापड आहे. तिथे टिप टिप केलं की रेघा तुटतात. तिथे काय करू?

अंधारखोली:
फार चांगलं काम केलंत. कॉलरसाठी टिपा नकोत, तिथे रेघेच्या दिशेनेच ओढा. नमुना त्याच रेघेवर, घडीच्या वरच्या बाजूला घ्या आणि एका दमात खाली आणा, एका वेळी एकच रेघ. आणि कॅनव्हास फिरवून घ्या, फोटोशॉपमधे आर की दाबून, म्हणजे रेघ तुमच्या हाताच्या नैसर्गिक वळणात येईल. तेवढ्या कामापुरता झूम शंभरवरच ठेवा, दोनशेवर रेघ कुठे जातेय ते कळत नाही.

पानगळ:
कॅनव्हास फिरवायचं सुचलंच नव्हतं. आज रात्री कॉलरला बसते.